बाराच्या भावात

भाच्याला अमरावतीजवळच्या बेलोऱ्याच्या विमानतळावर नोकरी लागली, ही बातमी आमच्या घरी गिल्या वड्यांसोबत आली. बहीण दर्यापूरहून सकाळच्या एसटीने निघाली, वाटेत वडे बांधून घेतले आणि चपला काढायच्या आधीच उंबऱ्यातून ओरडली, "भाऊ, पोट्टा लागला नं इमानात!"

वऱ्हाडीत विमानाला इमान म्हणतात. शेजारच्या घरात नुकतीच पुण्याहून सून आली आहे. तिचा समज असा झाला, की पोरगा आजवर बेइमान होता आणि आता सुधारला. ती अभिनंदनाला आली तेव्हा फारच जपून बोलत होती.

खरं तर पोरगा विमानात लागलेला नाही, विमानाखाली लागला आहे. प्रवाशांच्या बॅगा गाडीतून विमानापर्यंत न्यायच्या, पोटात भरायच्या, आलेल्या उतरवायच्या. काम एका ठेकेदार कंपनीचं. कंपनीचं नाव सांगत नाही, त्याचं प्रोबेशन अजून संपायचं आहे.

१६ एप्रिल २०२५ ला अलायन्स एअरचं पहिलं विमान मुंबईहून बेलोऱ्याला उतरलं, तेव्हा अमरावतीतली निम्मी माणसं ऊन विसरून तिकडे गेली होती. विमान एटीआर-७२, पंख्याचं. ते फिरणारे पंखे बघून माझ्या बाजूचे एक आजोबा म्हणाले, "एवढ्या तपनीत पंखे तं लागनच." पुढे कळलं, की विमान आठवड्यातून तीनच दिवस येणार. लोकांना त्यात काहीच खटकलं नाही. आमच्याकडे बाजारही आठवड्याच्या ठरल्या वारीच भरतो. ज्या मुलखात मूर्तिजापूर ते अचलपूर या सत्त्याहत्तर किलोमीटरला छोटी रेल्वेगाडी चार तास घ्यायची आणि लोक तिला नावं न ठेवता लाडाने शकुंतला म्हणायचे, तिथे विमानाने तीन दिवस यावं हीच मोठी गोष्ट.

तर नेमणुकीचं पत्र. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतला निवृत्त गणित शिक्षक, जुन्या पेन्शनवाला. त्यामुळे खानदानातला आकड्यांचा कोणताही कागद आधी माझ्यापुढे येतो. माझा चष्मा, बहिणीचे दर्यापूरचे यजमान म्हणजे आमचे जवाई, आमच्या सौभाग्यवती आणि अकोल्याहून नेमके त्याच दिवशी आलेले त्यांचे बंधू, असे सगळे पत्राभोवती जमलो. माझे साळे अकोल्याला एका डाळमिलमध्ये मुनीम आहेत. डाळीतला खडा आणि हिशेबातली चूक त्यांना लांबून दिसते, असं ते स्वतःच सांगतात.

पत्रात मूळ पगार १५,००० रुपये. मग काही भत्ते. मग 'कर्मचारी अंशदान, १२ टक्के, १,८०० रुपये'.

"हे कायचं?" जवाई म्हणाले.

"भविष्य निर्वाह निधी. पगारातून कापतात."

"पयल्याच महिन्यापासून? अजून एक बॅग नायी उचलली पोट्ट्यानं, अन् कापाले सुरुवात?"

"पण कंपनीही तेवढेच टाकते. बारा टक्के. याचे अठराशे, कंपनीचे अठराशे."

इथे खोलीत शांतता पसरली. वऱ्हाडी माणसाला कोणी कापलं तर नवल वाटत नाही. व्यापारी वजनात कापतो, ओल म्हणून कापतो, कचरा म्हणून कापतो. कोणी तुमच्याइतकेच पैसे आपल्या खिशातून घालतो म्हटलं, की मात्र तो खुर्ची मागे सरकवून बसतो. जवाईंनी आमची चार एकर पऱ्हाटी वर्षानुवर्षं बटईने केली आहे. बटईचा धर्म त्यांना तोंडपाठ: बियाणं, खत, फवारा, वेचणी, सगळा खर्च अर्धा-अर्धा, आणि माल घरी आला की तोही अर्धा-अर्धा.

"म्हन्जे बटई झाली," ते म्हणाले. "अर्धा खर्च कंपनीचा. मंग पिकातला अर्धा हिस्सा कवा नेते ते?"

"नेत नाही. सगळं पीक याचं."

"व्याज?"

"तेही याचं."

जवाई बराच वेळ छताकडे बघत राहिले. मग हळू आवाजात बहिणीला म्हणाले, "पोट्ट्याले म्हना, कोऱ्या कागदावर सही नोको करू."

मी समजावलं, की यात कंपनीचा मोठेपणा नाही. १९५२ पासूनचा कायदा आहे, वीस किंवा जास्त माणसं कामाला असली की बहुतेक धंद्यांना तो लागू होतो. 'कायदा' शब्द ऐकल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. कोणी प्रेमाने पैसे देतो यापेक्षा कोणी धाकाने देतो, हे शेतकऱ्याला जास्त पटतं.

एरवी ही जोडीला जोड लावायची रीत आपल्याला अगदीच परकी आहे असं नाही. आहेराची वही घ्या. त्यांनी आपल्या पोरीच्या लग्नात १०१ लिहिले, आपण त्यांच्या पोराच्या लग्नात १०१ लिहिले. ही योजना आमच्या घरी माझ्या आजोबांपासून चालू आहे, फक्त तिच्यावर व्याज मिळत नाही. उलट मधल्या काळात महागाई वाढली म्हणून आपणच १५१ करतो. शिवाय आहेराच्या फंडाला निवृत्ती नाही, पंच्याऐंशीव्या वर्षीही माणूस पाकीट घेऊन मांडवात बसलेला असतो.

एवढ्यात साळ्यांना खडा दिसला.

"भाऊजी, हे सीटीसी काय हाये?"

मी वाचलं. कंपनीने पोराला सीटीसी, म्हणजे कंपनीला त्याच्यापायी पडणारा एकूण खर्च, म्हणून जो वार्षिक आकडा सांगितला होता, आणि जो बहिणीने दर्यापुरात घरोघरी सांगितला होता, त्यात कंपनीचे हे अठराशे रुपयेही आधीच मोजलेले होते. म्हणजे कंपनी जे 'वरून' टाकणार, ते वरचं नव्हतंच, आतलंच होतं. लहानपणी आमचे एक काका असे होते. आईने आमच्यासाठी त्यांच्याकडे रुपया दिलेला असायचा. काका आम्हाला चौकात नेऊन आलूबोंडा खाऊ घालायचे आणि वर्षभर सांगायचे, "याले म्या खाऊ घातलं." आलूबोंडा मात्र खरोखर पोटात जायचा, हे कबूल केलं पाहिजे. पीएफचंही तसंच आहे. पैसे कोणत्या खिशातून निघाले यावर वाद घालता येतो, ते पोराच्या नावावर जमा होतात यावर नाही.

साळ्यांना मात्र अमरावतीच्या विमानतळात खोट सापडल्याचा आनंद लपवता येईना. "आमच्या शिवणीले धावपट्टी इंग्रजायनं बांधली," ते म्हणाले, "तवा तुमच्या बेलोऱ्यात तूर होती."

"आता तुमच्या धावपट्टीवर काय आहे?" मी विचारलं.

ते गप्प झाले. अकोल्याच्या शिवणी विमानतळाची धावपट्टी वाढवायची गोष्ट पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या जमिनीपाशी येऊन इतकी वर्षं रेंगाळली आहे, की अकोल्यात कोणी 'पाहू' म्हणण्याऐवजी 'शिवणीवरून विमानाने जाऊ' म्हटलं तरी चालेल. सौभाग्यवतींनी माहेरच्या बाजूने माझ्याकडे एक कटाक्ष टाकला आणि माझ्या ताटातला वडा भावाच्या ताटात गेला.

खरी भानगड सव्वा महिन्यानंतर झाली. पोराचं पासबुक मोबाइलवर उघडलं. त्याचा हिस्सा १,८००. कंपनीचा हिस्सा ५५०.

घरात हलकल्लोळ. जवाई दर्यापूरहून तेवढ्यासाठी आले. "म्या म्हनलं होतं नं, अर्धा माल नेते म्हनून! अठराशे सांगतले अन् साडेपाचशे टाकले. बाकीचे साडेबाराशे कोनं खाल्ले?"

हा प्रश्न भारतातल्या प्रत्येक नोकरदाराच्या घरी एकदा विचारला जातो, आणि त्याचं उत्तर देणारा माणूस त्या घरात कायमचा संशयित ठरतो. मी दिलं. कंपनीच्या बारा टक्क्यांतले ८.३३ टक्के पेन्शनच्या खात्यात जातात. १५,००० चे ८.३३ टक्के म्हणजे १,२५०. उरले ३.६७ टक्के, म्हणजे ५५०. पासबुकात तिसरा रकाना आहे, तिथे १,२५० लिहिलेले आहेत बघा.

"मंग त्याच्यावर व्याज?"

"त्याच्यावर व्याज नाही. त्याची पेन्शन मिळते."

"कवा?"

"अठ्ठावन्नव्या वर्षी."

"पोट्टा पंचवीसचा हाये!"

"म्हणून तेहतीस वर्षं थांबायचं."

मग मी फळ्यावर शिकवायचो तसं वहीवर शिकवलं. या पेन्शनचं सूत्र सोपं आहे: पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले सत्तर. पगाराची मर्यादा २०१४ च्या सप्टेंबरपासून १५,००० वर थांबलेली आहे. पोराने तेहतीस वर्षं बॅगा उचलल्या, वीस वर्षांवर नोकरी झाली म्हणून दोन वर्षं बोनस मिळाली, झाली पस्तीस. पंधरा हजार गुणिले पस्तीस भागिले सत्तर: साडेसात हजार रुपये महिना. सूत्रात सत्तर कुठून आला, हे मला तीस वर्षं गणित शिकवूनही कळलेलं नाही. त्रैराशिकात असे आकडे परीक्षक घालतात, उत्तर पूर्णांकात यावं म्हणून.

इथे मला थोडं गंभीर व्हावं लागेल, माफ करा. आमच्याच शेजारी, बुलडाण्यात, याच पेन्शन योजनेच्या, म्हणजे ईपीएस-९५ च्या, पेन्शनधारकांचं आंदोलन वर्षानुवर्षं चालू आहे. किमान पेन्शन महिना १,००० रुपये आहे, तीही २०१४ पासूनची. त्यांची मागणी ७,५०० ची आहे. हजार रुपयांत महिनाभराची डाळ येते की नाही, हे आमच्या साळ्यांना विचारा. ते मिलचा भाव सांगतील आणि दुकानाचा भाव सांगताना घसा खाकरतील.

पण पेन्शन बाजूला ठेवून नुसतं पीएफचं खातं बघितलं, तर चित्र बदलतं. महिना १,८०० अधिक ५५०, म्हणजे २,३५०. पगार तेहतीस वर्षं एका रुपयानेही वाढला नाही, आणि व्याज २०२४-२५ साठी मिळालं तेवढंच, म्हणजे ८.२५ टक्के, कायम राहिलं असं धरलं, तरी शेवटी पंचेचाळीस लाखांच्या आसपास जमतात. त्यात टाकलेले सव्वानऊ-साडेनऊ लाखच, बाकी सगळं व्याज. हा आकडा मी तीनदा मोजला आणि चौथ्यांदा पोराकडून मोजून घेतला. जवाईंनी तो ऐकला आणि फक्त एवढं विचारलं, "अन् त्यावर पाऊस पडो न पडो?"

"पडो न पडो."

"रोई? बोंडअळी?"

"नाही."

ते म्हणाले, "मंग हे पीक नायी." आमच्याकडे रोई म्हणजे नीलगाय. ज्याला रोई लागत नाही ते पीक असू शकतं, यावर त्यांचा विश्वास बसणं कठीण होतं.

त्यांच्या दुसऱ्या शंकेला मात्र मला जपून उत्तर द्यावं लागलं. "इमानाची कंपनीच बुडाली तं?" विमान कंपन्या बुडणं आपल्याकडे काही नवं नाही. किंगफिशर २०१२ मध्ये जमिनीवर बसली. जेट एअरवेजचं विमान १७ एप्रिल २०१९ नंतर प्रवाशांना घेऊन उडलंच नाही. पुढे तिच्या कामगारांच्या थकलेल्या पीएफ आणि ग्रॅच्युइटीसाठी लढाई न्यायाधिकरणात गेली, २०२२ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला, आणि ७ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच मोडीत काढायला सांगितली. मी जवाईंना एवढंच म्हणालो: जे पैसे महिन्याच्या महिन्याला भविष्य निधीच्या खात्यात गेले, ते कंपनी बुडाली तरी आपले. जे कापले पण गेले नाहीत, त्यांच्यासाठी वकील लागतो. म्हणून दर महिन्याला पासबुक बघायचं, शेतात पाणी बघतो तसं.

या बाबतीत सगळ्यांत गमतीची कथा एअर इंडियाची. जेआरडी टाटांनी विमानसेवा सुरू केली १९३२ मध्ये, सरकारने ती ताब्यात घेतली १९५३ मध्ये, आणि तिचे कर्मचारी ज्या भविष्य निधी कायद्याखाली होते तो कायदा होता १९२५ चा. म्हणजे विमानाआधी पीएफ जन्मला. त्या जुन्या व्यवस्थेत कर्मचाऱ्याचे दहा टक्के आणि कंपनीचे दहा टक्के होते. डिसेंबर २०२१ पासून, टाटांकडे कंपनी परत जायच्या उंबरठ्यावर, हे लोक कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनेत आले. पहिल्याच महिन्यात ७,४५३ जणांचे पैसे जमा झाले. दहाचे बारा झाले, वर पेन्शन आणि विमा आला. आकाशात इतकी वर्षं उडणाऱ्या माणसांना बारा टक्के मिळायला २०२१ उजाडलं. आमच्या साळ्यांच्या डाळमिलमध्ये तो आकडा त्याआधीच होता. हे त्यांना सांगायची चूक मी केली आणि उरलेला दिवस अकोल्याची औद्योगिक प्रगती ऐकण्यात गेला.

यात अमेरिका आली ती रात्री साडेनवाच्या व्हिडिओ कॉलवर. आमच्या चुलतभावाचा मुलगा तिकडे टेक्सासमध्ये एका विमान कंपनीत संगणकावर आहे. भाच्याचं कौतुक करताना तो म्हणाला, "छान! माझंही फोर-झिरो-वन चालू आहे इथे. चारशे एक."

ओसरीवर आमचे एक नातेवाईक बसले होते, पोलीस खात्यातून निवृत्त झालेले. ते ताडकन उठले. "चारशे एक? कवा लागली?"

आपल्याकडे आकडा म्हणजे कलम. तीनशे दोन, चारशे वीस, चारशे अठ्ठ्याण्णव. माणूस 'माझ्यावर अमुक आहे' म्हणाला, की पुढचा शब्द जामीन. आणि जुन्या भारतीय दंड संहितेत कलम ४०१ खरोखरच होतं: चोरांच्या टोळीत सामील असणे, सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी. आमच्या नातेवाइकांनी नोकरीभर ते कलम लावलेलं. त्यांना वाटलं, पोरगा तिकडे प्रवाशांच्या बॅगा पळवायला लागला. चुलतीने देवघरात जाऊन दिवा लावला.

मग टेक्सासच्या पोराने सांगितलं, की हेही कलमच आहे, पण करकायद्यातलं, निवृत्तीच्या बचतीचं. १९७८ च्या सुधारणेत आलेलं. तिकडे कामगार पगारातून जेवढे टाकेल, त्याला कंपनी काही मर्यादेपर्यंत जोड देते, कुठे पूर्ण, कुठे निम्मी. कामगाराने काहीच टाकलं नाही, तर जोडही सहसा मिळत नाही. पैसा मुख्यतः शेअरच्या फंडांत जातो, कधी वर, कधी खाली. आणि साडेएकोणसाठ वर्षांच्या आत काढला तर साधारणपणे दहा टक्के जादा कर.

"साडेएकोणसाठ?" माझ्यातला गणित शिक्षक जागा झाला. "हा अर्धा कशाला?"

त्यालाही माहीत नव्हतं. म्हणजे तिकडेही परीक्षक आहेतच.

नातेवाईक शेवटपर्यंत पूर्णपणे निश्चिंत झाले नाहीत. जाताना चुलतीला म्हणाले, "तरी बी वकील पाहून ठेव."

आता राहिला नावाचा प्रश्न. वऱ्हाडात गजानन महाराजांचं शेगाव जवळ, त्यामुळे घराघरात एक गजानन. भाच्याच्या वडिलांचं नावही तेच. इंग्रजीत हे नाव आधार कार्डावर एका तऱ्हेने, शाळेच्या दाखल्यावर दुसऱ्या, बँकेत तिसऱ्या. एका संगणक केंद्रात ते चौथ्या तऱ्हेने भरलं गेलं, आणि पीएफच्या संकेतस्थळाने विनम्रपणे विचारलं, की हे चार गृहस्थ कोण. जवाई संतापून म्हणाले, "महाराजायचं नाव हाये, कसं बी लिहा, पावते." महाराजांना पावत असेल, सर्व्हरला पावत नाही. त्या दुरुस्तीत दीड महिना गेला. जवाईंना आयुष्यभर सातबारा आणि आठ-अ एवढेच दोन कागद पुरले. आता त्यांना फॉर्म एकोणीस, फॉर्म एकतीस आणि दहा-सी पाठ झालेत. चावडीवर ते तलाठ्याच्या थाटात सांगतात: एकतीस म्हणजे आगाऊ, एकोणीस म्हणजे शेवटचं, दहा-सी म्हणजे पेन्शनचे पैसे.

आणि 'आगाऊ' हा शब्द ऐकल्यापासून बहिणीच्या चेहऱ्यावर जो विचार उमटला आहे, तो मला चांगला वाचता येतो. आजारपण, शिक्षण, घर, लग्न, यासाठी मधेच पैसे काढायची सोय योजनेतच आहे. मी कित्येक म्हातारपणं अशी मांडवात जेवताना पाहिली आहेत. माझ्या एका मित्राचा पीएफ मुलीच्या लग्नात बुफेच्या चौथ्या काउंटरवर संपला. तो मला पाणीपुरीकडे बोट दाखवून म्हणाला होता, "घे गड्या, माही बावीस वर्षं हायेत." पाणीपुरी बरी होती.

माझ्या मते या योजनेचा सगळ्यात मोठा गुण व्याज नाही, कंपनीची जोडही नाही. ते चार गजानन आहेत. पैसा हाताशी असता तर तो कवाच पाणीपुरीत गेला असता. नाव जुळत नाही, ओटीपी येत नाही, अर्ज परत येतो, आणि तोवर लग्न उरकून जातं. भविष्य निधी संघटनेने कामकाज सोपं करायचा चंग बांधला आहे म्हणतात. त्यांना माझी हात जोडून विनंती आहे: जमा होणं कितीही सोपं करा, काढणं इतकं सोपं करू नका.

परवा बहिणीचा फोन आला. भाच्यासाठी अकोल्याहून स्थळ आलं आहे, मुलीचे वडील मोठ्या गिरणीतले, साळ्यांच्या ओळखीचे. लग्न थाटात करायचं म्हणतात, खर्च अर्धा-अर्धा.

पासबुकात तूर्त ९,४०० रुपये आहेत. तिसरा रकाना धरलेला नाही.